आंब्यावरची वेणी

सुरत, १४ जानेवारी २०२४

प्रिय भटूभाऊ,

अनेक आशीर्वाद.

तुम्हाला ती एसटी चुकल्याची दुपार आठवते का? ब्याऐंशीचा मे. माझ्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. ह्यांना सुरतेला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये हजर व्हायचं होतं आणि गाडी आपल्या डोळ्यांदेखत फाट्यावरून निघून गेली. पुढची चार तासांनी. मग आपण तिघं तुमच्या बांधावरच्या आंब्याखाली बसलो आणि सासूबाईंनी प्रवासासाठी दिलेल्या कळण्याच्या भाकरी तिथेच सोडल्या. हे रुसून घड्याळ बघत होते. तुम्ही मात्र खुशीत, कारण दादा चार तास जास्त मिळाला होता. बाकी त्या दुपारी काहीच घडलं नाही. भाकरी संपली, तुम्ही हात पायजम्याला पुसून झाडावर चढलात आणि वरून माझ्या मांडीवर काहीतरी टाकलंत.

"घ्या वहिनी, सीतेची वेणी. तुमच्या कॉन्व्हेंटात नसेल मिळत."

खरंच नव्हती मिळत. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला एका जाड पुस्तकातलं ऑर्किडचं रंगीत चित्र दाखवायच्या आणि ही फुलं राजेलोकांच्या काचघरात वाढतात असं सांगायच्या. एकवीस वर्षांची होईपर्यंत मी तेच धरून चालले होते. आणि इथे ते राजेलोकांचं फूल माझ्या मांडीवरच्या ठेच्याच्या फडक्यावर येऊन पडलं होतं! वीतभर लांब तुरा, शंभरेक फुलं एकमेकींना घट्ट धरून बसलेली, प्रत्येक पांढऱ्या पाकळीवर गुलाबी-जांभळे शिंतोडे. मी तो केसांत माळला नाही, सुरतेपर्यंत हातात धरून आणला. गाडीतल्या बायका हसत होत्या.

त्यानंतर हे दर मे महिन्यात गावाहून एक तुरा ओल्या रुमालात बांधून आणायचे. ते गेल्यापासून दोन मे कोरडे गेले. डॉक्टर म्हणतात वर्षभरात गुडघा बदलावा लागेल. त्याआधी एकदा येऊन मला वेणी झाडावर फुललेली बघायची आहे. येत्या मे महिन्यात येईन म्हणते. कशी आहे ती? किती रोपं झाली आता?

आज इथे उत्तरायण. सकाळपासून सगळ्या गच्च्यांवर पतंग कापल्याचं "काप्यो छे!" चाललंय. आज मला तुमचे बहिरे कान असते तर बरं झालं असतं, असं मनात आलं. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या सोसायटीला बातमी, म्हणून हे पत्र.

जयश्रीला आशीर्वाद.

तुमची,
चंचलवहिनी


ता. नवापूर, १ फेब्रुवारी २०२४

ती. वहिनीस,

सा. नमस्कार.

पत्र पोचलं. जयश्री मोठ्याने वाचत होती, पण पिठाच्या गिरणीने माझे कान खाल्लेत, म्हणून शेवटी मीच वाचलं. इकडे सर्व ठीक. हरभरा काढायला आला. गिरणीचा पट्टा तुटला होता, नवा टाकला. आमचा संदीप तिकडे तुमच्याजवळ हजिऱ्याला कंपनीत बरा आहे, होळीला येईल. आंब्याला मोहोर चांगला आहे.

मे महिन्यात यायचं म्हणता, पण ऊन फार असतं. लाइट दिवसातून चार वेळा जाते. तुमच्या गुडघ्याला आमच्या पायऱ्या झेपणार नाहीत. दिवाळीला या, तेव्हा हवा छान असते.

तूरडाळ पाठवू का? कळवा.

आपला,
भटू


सुरत, २० फेब्रुवारी २०२४

प्रिय भटूभाऊ,

आशीर्वाद. तुमचं पत्र तीनदा वाचलं. हरभऱ्यावर एक ओळ, पट्ट्यावर एक ओळ, माझ्या गुडघ्यावर एक आणि वेणीवर एकही नाही. तेव्हा मी समजले. एकट्या, पायाने अधू बाईला ऐन उन्हात सांभाळायचं म्हणजे जयश्रीवर भार. तिला सांगा, माझी भाकरी मी थापीन, खुर्चीत बसून का होईना.

वेणीही तशीच आहे, तुम्हाला ठाऊक आहे का? इथल्या कृषी केंद्रात एक बाई झाडांच्या रोगांचं बघतात. त्यांच्याकडे जाऊन मी शाळकरी मुलीसारखी तास दीड तास ऐकत बसले. वेणी झाडावर राहते पण झाडाचं काही घेत नाही. तिची मुळं सालीला नुसती बाहेरून मिठी मारतात, आत शिरत नाहीत. कोरडी असतात तेव्हा चुन्यासारखी पांढरी, आणि पाण्याचा शिडकावा झाला की बघता बघता हिरवी होतात. दव, पाऊस, वाऱ्याने आलेली धूळ, फांदीच्या बेचक्यात कुजलेलं पान, एवढ्यात तिचं भागतं. आंब्याच्या रसाला ती तोंडही लावत नाही. म्हणजे ओट्यावर येऊन बसलेली, स्वतःचा डबा बरोबर आणलेली पाहुणी. जेवायचं तिचं ती बघते आणि वर्षातून एकदा अख्खा ओटा सजवून देते.

ह्यांना तर तिने वेडच लावलं होतं. रंगमास्तर माणूस, दिवसाला वीस-वीस शेड काढून कापडाच्या व्यापाऱ्यांना दाखवायचा, पण त्या फुलावरचा गुलाबी त्यांना कधी कापडावर उतरवता आला नाही. सात वर्षं सात मे महिने प्रयत्न केला. पॉलिस्टरवर तो भडक यायचा. "चंचल, ह्या रंगाच्या आतून पांढरा झिरपतोय," म्हणायचे, "तो डब्यात मिळत नाही."

तर मी येणार. मेच्या दहा तारखेच्या आसपास. माझा डबा घेऊन.

तुमची,
चंचलवहिनी


ता. नवापूर, ८ मार्च २०२४

ती. वहिनीस,

सा. नमस्कार.

तुमची ती डब्याची ओळ वाचली आणि ताट तसंच ठेवून उठलो. जयश्री म्हणाली, "आता तरी लिहा. जाऊबाई येऊन वर बघतील तेव्हा काय सांगाल, चिमण्यांनी खाल्ली?"

वेणी नाही, वहिनी. मागच्या दसऱ्याला मी झाड साफ करून घेतलं.

तीन वर्षं आंबा धरत नव्हता. मोहोर यायचा, काळा पडायचा, गळायचा. औषध आणायला दुकानात गेलो, तिथे चार शहाणे बसले होते. विचारलं, झाडावर बांडगूळ आहे का? म्हटलं आहे, बेचक्यापासून शेंड्यापर्यंत आहे. मग म्हणाले, ते झाडाला पितंय, तुझं औषध काय करणार? मी दोन माणसं लावली. कोयत्याने खरवडलं. पाच पाट्या निघाल्या. बांधाच्या कडेला टाकल्या.

दादांना मी तीस वर्षं म्हणत होतो, हे काढू या. तीस वर्षं ते एकच सांगायचे, "भट्या, हात लावशील तर बघ." ते गेले आणि मला वाटलं, आता विचारायला कोणी नाही. आता सुचतंय की विचारायला तुम्ही होतात.

आणि ते मोहोराचंही खोटं लिहिलं होतं. यंदाही काळाच पडला.

तुम्ही आमच्यावर भार आहात असं पुन्हा लिहू नका. जयश्रीने तुमच्यासाठी खालची खोली झाडून ठेवलीय. मीच तुम्हाला टाळत होतो.

शिव्या द्या. ऐकू येत नाही, म्हणून लिहून द्या.

आपला,
भटू


सुरत, १४ मार्च २०२४

भटूभाऊ,

दोन दिवस कृषी केंद्रात खेपा घातल्या, मग पेन हातात घेतलं.

शिव्या नंतर. पाच पाट्या म्हणालात. दसऱ्याला पाच महिने होत आले, पण ही मातीवाचून जगणारी जात आहे, लवकर मरत नाही. बांधाच्या कडेला जा. ढिगाची वरची रोपं गेली असतील, मधली आणि सावलीतली बघा. पानं वाळलेली असली तरी हरकत नाही, बुडखा दाबून बघा. कडक आणि हिरवा लागला तर उचला. आजच जा.

खरं बांडगूळ फांदीत मूळ खुपसतं, तिथे फांदी गाठाळते, आणि ते काढताना लाकूडही निघतं. तुमच्या माणसांनी खरवडलं तेव्हा लाकूड निघालं का? नाही ना? तुमचा मोहोर तुडतुड्यांनी आणि त्यांच्या मागून येणाऱ्या काळ्या बुरशीने जातोय. कृषी केंद्रातल्या बाईंनी लिहून दिलेला कागद सोबत ठेवलाय. तुम्ही पाहुणीला हाकललंत आणि चोर अजून घरातच आहे.

चंचल


ता. नवापूर, २९ मार्च २०२४

ती. वहिनीस,

सा. नमस्कार.

अकरा मिळाली!

पत्र आलं त्याच दुपारी गेलो. ढीग पालापाचोळ्याखाली गाडला गेला होता. मी हाताने उकरतोय तेवढ्यात पाड्यावरच्या शांताबाई सरपण घेऊन चालल्या होत्या. तुम्हाला आठवत असतील, जंगलाच्या कडेला घर आहे, दारात मोठं महूचं, मोहाचं झाड आहे. थांबल्या आणि हाताने खूण करून विचारलं, काय हरवलं? म्हटलं, वेणी. त्यांनी मोळी खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवून इतकं हसल्या की त्यांची कवळी मला दिसली. मग माझ्या कानाला तोंड लावून ओरडल्या, "दसऱ्याला तुझी माणसं काढत होती तेव्हा मी सांगायला आले होते रे! तू म्हणालास, म्हातारे, तुझं काम कर!" असं मी म्हणालो असेन. ऐकू आलं नव्हतं, हे मात्र खरं.

तरी बसल्या माझ्याबरोबर. अकरातली सात त्यांनीच शोधली. त्यांच्या बोटांना कळतं.

आता काळजी करू नका. घरामागे मी खास वाफा केलाय. दोन पाट्या मुरलेलं शेणखत, खाली काळी माती, वर पोत्याचं छप्पर. अकराच्या अकरा ओळीने लावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. जयश्री म्हणते, माझ्या आजारपणात एवढं केलं नव्हतंत. तुम्ही मे महिन्यात याल तोवर जोमात आलेली असतील.

आपला,
भटू


सुरत, ५ एप्रिल २०२४
(संदीपच्या हाती)

भटूभाऊ,

उपटा! हे वाचताय त्याच क्षणी चप्पल घालून मागच्या दारी जा आणि सगळी उपटा. संदीप आज गावी येतोय म्हणून बरं झालं, टपालाने चार दिवस गेले असते.

मी इतकं लिहिलं, पण तिला माती चालत नाही हे ठसवून लिहिलं नाही, ही माझी चूक. शेतकऱ्याच्या हाती रोप दिलं तर तो खत आणि पाणीच घालणार. ओट्यावरच्या पाहुणीला तुम्ही कोठीत कोंडून बळेबळे जेवायला घातलंत. तिच्या मुळांना वारा लागतो.

आता असं करा. मुळं धुवा. काळी, मऊ पडलेली कात्रीने काढून टाका. एक दिवस सावलीत सुकू द्या. मग आंब्याच्या जुन्या, खडबडीत सालीवर, वरून सावली असेल अशा बाजूला टेकवून सुती चिंधीने बांधा. तार नको, सुतळी नको. पाणी फक्त शिंपडायचं, तेही उन्हाळाभरच.

किती वाचली ते खरं खरं लिहा.

चंचल


ता. नवापूर, १४ एप्रिल २०२४

ती. वहिनीस,

सा. नमस्कार.

चार.

सात बुडख्यातून सडली होती. हातात घेतली तर चिखल. शेणखत चांगलं होतं हो, वहिनी. गावात दुसऱ्या कोणाकडे तसं नाही.

आईचं एक जुनं सुती लुगडं पेटीत होतं, ते जयश्रीने फाडून दिलं. तीन बेचक्याजवळ बांधली. चौथं फार अशक्त आहे, ते सागाच्या ओंडक्यावर बांधून ओसरीत टांगलंय, म्हणजे येता-जाता नजर राहील.

एक सुचवायचं होतं. इकडे सुरतेच्या कुठल्याशा नर्सरीचा टेम्पो फिरतोय. भूपेंद्र नावाचा माणूस आहे. पाड्यातल्या लोकांकडून पोत्याने वेण्या घेतो. जंगलात महू-सागावर अजून पुष्कळ लोंबतायत. मी त्याच्याकडून पन्नास घेतो आणि चिंध्यांनी बांधून टाकतो. आता बांधायचं कसं ते कळलंय. मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा आंबा पहिल्यासारखा भरलेला दिसेल. ब्याऐंशीला होता तसा. माझ्या हातून झालं ते माझ्याच हाताने भरून निघेल.

हो म्हणा.

आपला,
भटू


सुरत, २५ एप्रिल २०२४

प्रिय भटूभाऊ,

आशीर्वाद. खोटं कशाला लिहू, तुमचं पत्र वाचून मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं. भरलेला आंबा डोळ्यांसमोर आला. ओरखडे लपले असते, तुमचं मन हलकं झालं असतं, मला माझा मे मिळाला असता.

पण त्या संध्याकाळी काठी टेकत मी आमच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. फुटपाथवर गुलाब, तुळस, मनी प्लांट, आणि मागे तारेला उलट्या टांगलेल्या वेण्या. चाळीस तरी असतील. वर ठळक अक्षरांत पाटी, 'इम्पोर्टेड ऑर्किड'. नर्सरीवाला धर्मेंद्र, पंचविशीतला, चांगला गोड बोलणारा.

मी विचारलं, "भाई, आ क्यांथी आव्या?"

"मासी, फोरेननुं छे. थायलेन्ड!"

मी एक रोप हातात घेऊन उलटं केलं. मुळांना सालीचा तळहाताएवढा तुकडा तसाच चिकटलेला होता. मुळं सोडत नव्हती म्हणून साल तासून काढली होती. महूची साल मी ओळखते, भटूभाऊ. त्यावर मुंगळाही आपलाच होता.

मी म्हटलं, "थायलंडचा मुंगळा नवापूरच्या मुंगळ्यासारखाच दिसतो का रे?"

तो हसला, मग गिऱ्हाईक नाही ना हे बघून घेतलं. हळूच म्हणाला, "मासी, साचुं कहुं? महिनाभरात मरून जातात बद्धी. लोकं कुंडीत माती भरून लावतात. पण फरी लेवा आवे." म्हणजे मेली की माणसं पुन्हा घ्यायला येतात, त्याचा धंदा त्यावरच चालतो.

मी तिथेच एका स्टुलावर बसले. तुमच्या वाफ्यात सात गेली ती न कळून, मायेने गेली. इथे प्रत्येक गॅलरीत तसाच एकेक वाफा आहे.

कृषी केंद्रातल्या बाईंनी सांगितलेलं तेव्हा नीट डोक्यात शिरलं. वेणीच्या एका शेंगेत बिया लाखांनी असतात, तुमच्या गिरणीतल्या पिठाहून बारीक. पण एकाही बीबरोबर शिदोरी नसते. गव्हाच्या दाण्याला असते तशी आतली पिठूळ पुंजी तिला नाही. जुन्या सालीवर एक विशिष्ट बुरशी भेटली, तिने भरवलं, तरच ती जगते. लाखांतल्या एखादीला भेटते. त्यानंतर फुलायला कितीतरी वर्षं. म्हणजे ते जे पोत्यात भरतात ना, त्यातलं एकेक रोप तुमच्या संदीपच्या वयाचं असू शकतं. एका झाडावरचं सगळं ओरबाडलं तर त्या झाडावर पुन्हा कोण बी टाकणार?

म्हणून पन्नास नकोत. एकही नको. जंगलातली जंगलात राहू द्या. आपल्या आंब्यावर चारच शोभतील. ते ओरखडे मला दिसू द्यात, माझी हरकत नाही. चूक झाकायला दुसऱ्याचं झाड उघडं करायचं नाही.

ह्या मे महिन्यात मी येत नाही. रागाने नाही. चार रोपं आत्ता कुठे साल धरतायत, त्यांच्याकडे फुलं मागायला कुठल्या तोंडाने येऊ? त्यांना फुलायला मन होईल तेव्हा कळवा. पहिला तुरा येईल तो तोडायचा नाही, शेंग धरू द्यायची.

आणि शांताबाईंशी बोला. ह्या वेळी तुम्ही ऐका.

तुमची,
चंचलवहिनी


ता. नवापूर, ९ जून २०२५

ती. वहिनीस,

सा. नमस्कार.

वर्षभर तुम्ही विचारत होतात आणि मी कार्डावर "जिवंत आहेत" एवढंच लिहीत होतो. आज सविस्तर लिहितो.

वेणी आली.

बेचक्यातल्या मोठ्या रोपाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानाच्या बगलेत हिरवं बोटासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं, मूळ असेल. जयश्री म्हणाली, मूळ असं तोऱ्यात बाहेर येत नाही. ते लांबत गेलं, वाकलं, आणि बावीस तारखेला सकाळी वरच्या टोकाची पाच फुलं उघडली. मग रोज खाली खाली. मी रोज शिडी लावत होतो. त्र्याहत्तर फुलं मोजली. तुमच्या वेळी शंभरावर होती, पण पहिल्या खेपेला बरं आहे.

वहिनी, इतकी वर्षं मी त्या झाडाखाली वाढलो, वरून तुरे तोडून खाली टाकले, पण शिडीवर बसून वेणी कधी बघितली नव्हती. तुम्ही दादांच्या रंगाचं लिहिलं होतं ते आठवलं. शिंतोडा मध्ये गडद असतो, कडेला पाण्यात टाकल्यासारखा विरघळतो. उन्हं वर आली की पाकळीतून आरपार दिसतं. एक लहान काळी माशी नेमाने यायची. ती प्रत्येक फुलात डोकं घालायची आणि मी श्वास धरून बसायचो, हलवून तिला उडवेन म्हणून.

आधी कळवलं नाही, कारण तुमच्यासाठी तोडून एकदम पाठवणारच होतो. तुरा पुरता उघडला त्या दिवशी संदीप सुरतेकडे निघाला होता. देठाला हात घातला. खाली शांताबाई उभ्या होत्या. त्या काय ओरडल्या ते ऐकू आलं नाही, पण तोंड बघूनच हात मागे घेतला. फुलं पंधरा दिवस टिकली. ती गळाली आणि त्यांच्या मागे दोन ठिकाणी देठ फुगलाय. शेंगा आहेत, दोन.

भूपेंद्रचा टेम्पो पावसाळ्यानंतर पुन्हा आला होता. शांताबाईंनी पाड्यावरच्या बायकांना महूखाली बसवलं. भांडण नाही, काही नाही, नुसत्या बसल्या मोहाची फुलं वेचायच्या टोपल्या विणत. त्याला चहा दिला. एकीनेही पोतं भरून दिलं नाही. दोन फेऱ्या मारल्या, मग आला नाही.

तुडतुड्यांचं औषध मोहोरावर वेळेत मारलं. आंबा धरला. दोन पेट्या संदीपबरोबर पाठवतोय.

ओसरीतलं चौथं रोपही आता ओंडक्याला घट्ट धरून आहे. ते तुमचं. गॅलरीत टांगा. पुढच्या खेपेला पाठवतो.

आपला,
भटू


सुरत, १९ जून २०२५

प्रिय भटूभाऊ,

अनेक आशीर्वाद.

संदीपने फोनवर फोटो दाखवला. फोटो छान आहे, पण मला वेणी तुमच्या पत्रात जास्त दिसली. ती काळी माशी फोटोत कुठे आहे? पत्र उशाशी ठेवलंय. एकसष्टाव्या वर्षी शिडीवर बसून श्वास धरणाऱ्या दिराचा मला अभिमान वाटतो, हे जयश्रीलाही वाचून दाखवा, मोठ्याने.

लांबवत आणलेलं गुडघ्याचं ऑपरेशन चोवीस तारखेला आहे. दोन महिने हिंडणं-फिरणं बंद. हॉस्पिटलची पिशवी भरताना कपाट आवरलं, तेव्हा सगळं कोणाला द्यायचं ते ठरवून टाकलं. नीट वाचा आणि तसंच करा.

चौथं रोप मला नको. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरीला लोखंडी जाळी आहे, खालून मिलच्या गाड्यांचा धूर येतो. ते शांताबाईंना द्या. ओंडक्यासकट त्यांच्या महूला बांधा, त्या सांगतील त्या फांदीला. तुम्ही सुचवू नका.

आंब्याच्या एका पेटीतले निम्मे आंबे मी सोसायटीत वाटले. दुसरी पेटी धर्मेंद्रला दिली. त्याने ती 'इम्पोर्टेड'ची पाटी उतरवली आहे. धंदा थोडा पडला म्हणतो, पण आता मोगरा आणि सोनचाफ्याची कलमं ठेवतो. "मासी, तमारे लीधे," म्हणाला. मी म्हटलं, माझ्यामुळे नाही, मुंगळ्यामुळे.

शाळेत वनस्पतींच्या निरीक्षणासाठी मला बक्षीस मिळालेलं भिंग आहे, पितळी कडीचं. ते पाड्यावरच्या शाळेला द्या. पोरांनी आधी वेणीचं मूळ कोरडं बघावं, मग पाणी शिंपडून बघावं. फुलं बघायला भिंग लागत नाही.

ह्यांची एक वही कपाटाच्या तळाशी सापडली. शेडचे तुकडे चिकटवलेली, मिलमधली. मला आजवर माहीत नव्हतं, पण प्रत्येक वर्षाच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय, बांधावरची वेणी कोणत्या तारखेला उघडली. शेवटची तारीख त्यांच्या शेवटच्या मेची आहे. ही वही जयश्रीला. तुम्हाला नाही, तुम्ही ती गिरणीत पिठाने माखाल. मधली तीन वर्षं तिने रिकामी सोडावीत आणि यंदाच्या पानावर बावीस मे लिहावं.

शेंगा दोन आहेत म्हणता. त्या कोणालाही द्यायच्या नाहीत. मलाही नाहीत, कृषी केंद्रालाही नाहीत. पिकून फुटेपर्यंत शिडी लावू नका. फुटून बी उडेल त्या दिवशी वारा बांधाकडून जंगलाकडे होता की जंगलाकडून बांधाकडे, एवढं मात्र जयश्रीला वहीत लिहून ठेवायला सांगा.

तुमची,
चंचलवहिनी